तिसगावची लाइन एंगेज

राजूरच्या धर्मादाय दवाखान्यात दीपा पगारे टीबीच्या पेशंटची नोंद ठेवायची. नव्याण्णवच्या जूनमध्ये दवाखान्याला कॉम्प्युटर मिळाला, तेव्हा तिनंच डॉक्टर माधुरीबाईंना सुचवलं होतं, "मॅडम, आता रजिस्टर कशाला? दोन-दोनदा लिहायचं?" तेव्हापासून कुणाला कुठली गोळी, कुणाचा कितवा महिना, सगळं कॉम्प्युटरमध्येच होतं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तिनं इंटरनेट जोडलं, तर बँकेचं ईमेल आलेलं. इंग्रजीत. सन दोन हजार लागलं की कॉम्प्युटरच्या तारखा बिघडतील, म्हणून सोबतची फाईल चालवा. नाहीतर एक जानेवारीपासून तुमचं खातं बंद होईल. दवाखान्याच्या औषधांचे पैसे बँकेतल्या खात्यातूनच जायचे. दीपानं घाईघाईनं फाईल उघडली. स्क्रीन एकदा लुकलुकला, बाकी काहीच नाही. काम झालं असं समजून ती समोरच्या बँकेत सांगायला गेली. इंटरनेट तसंच चालू राहिलं.

मॅनेजर वाकचौरे कागदांवर शिक्के मारत होते.

"सर, तुमची ती फाईल चालवली बरं का."

"कसली फाईल?"

"ईमेलनं पाठवलेली."

वाकचौरेंनी शिक्का खाली ठेवला. "ताई, आमच्या शाखेत कॉम्प्युटर आहे कुठं? काही कळवायचं असलं, तर आमचा शिपाई आसाराम चिठ्ठी घेऊन येतो तुमच्याकडं."

"मग हेड ऑफिसनं..."

"त्यांना तुमचा ईमेलचा पत्ता कोण देणार? मलाच माहीत नाही. पत्रात शाखेचं नाव होतं का?"

दीपा आठवू लागली. शाखेचं नाव नव्हतं. दवाखान्याचंही नव्हतं, नुसतं 'प्रिय ग्राहक'. आणि बँक तरी कोणती, तेही कुठं लिहिलेलं नव्हतं. ती धावतच परतली.

पेशंटची यादी उघडली, तर कोरी. दुसरी फाईल, तीही कोरी. फाईलींची नावं सगळी जागच्या जागी, आत काही नाही. मग तिनं पाठवलेल्या पत्रांची यादी पाहिली. तिनं न लिहिलेली तीन पत्रं तिच्याच नावानं गेली होती, त्याच फाईलसकट. एक नगरच्या ऑफिसला, एक पुण्याला, एक तिसगावच्या दवाखान्याला.

तिनं कॉम्प्युटरची वायर उपटून लाइन फोनला जोडली. नगरनं लगेच उचलला, पुण्यानंही. "माझं पत्र उघडू नका! फाईलला हात लावू नका!"

तिसगाव एंगेज.

पुन्हा लावला, एंगेज. दीपाला कळून चुकलं. तिथं एकच लाइन. एंगेज म्हणजे तिथल्या नोंदी ठेवणारा जालिंदर इंटरनेटवर बसलाय. या घडीला तिचंच पत्र उतरून घेत असेल. तिथं दीडशे पेशंटच्या नोंदी.

वहीत तिसगावचा एक पी.पी. नंबर होता, दवाखान्याशेजारच्या पिठाच्या गिरणीचा. तो लागला, पण पलीकडं गिरणीची घरघर.

"कोन बोलतंय?" मालकीण गोजरबाई ओरडली.

"राजूरहून दीपा! दवाखान्यात पळा! जालिंदरला कॉम्प्युटर बंद करायला सांगा!"

"काय दळायचंय?"

"दळायचं नाही! वायर ओढा! दवाखान्यातल्या कॉम्प्युटरची वायर ओढा, आत्ताच्या आत्ता!"

फोन आपटल्याचा आवाज आला आणि नुसती घरघर राहिली. दीपा रिसीव्हर कानाला दाबून उभी होती. किती वेळ गेला, तिला कळलं नाही.

"दीपाताई," जालिंदर धापा टाकत बोलला, "ह्या बाईनं येऊन वायरच उपटली की! काय झालं?"

"फाईल उघडलीत?"

"न्हाई अजून. उघडतच हुतो. तुमचं नाव हुतं ना वर, म्हून."

"उघडू नका," एवढं सांगून दीपानं रिसीव्हर ठेवला. तुमचं नाव हुतं, म्हून.

दुपारी तिनं माधुरीबाईंना सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा पाहून रागावल्या असत्या तर बरं, असं दीपाला वाटलं. "डोस चुकला तर माणूस जातं, दीपा," एवढंच त्या म्हणाल्या. पेशंटजवळ स्वतःची उपचाराची कार्डं होती. दुसऱ्या दिवसापासून दोघी जीपनं आणि पुढं पायी वाडी-वाडी हिंडून ती उतरवून घेऊ लागल्या. अकरा दिवस लागले.

शेवटच्या वाडीत आक्काबाई भेटली. तिचं कार्ड सरपणाबरोबर चुलीत गेलं होतं.

"लघवी लाल होते का?" माधुरीबाईंनी हळूच विचारलं. टीबीच्या एका गोळीनं ती लाल होते.

म्हातारीनं लाजून मान हलवली. "व्हय. गोळ्या खाल्ल्या की."

"कधीपासून खाता?"

"पोळ्याच्या दिशी दिल्या हुत्या तुमी."

आता त्यावरच कितवा महिना आणि कुठली गोळी ते ठरणार होतं. पोळ्यापासून किती दिवस झाले, ते दीपानं बोटांवर मोजलं. मग चुकलं तर, या भीतीनं पुन्हा मोजलं.