रखमाच्या दोन खोल्या

गिरणीनं वाइंडिंग खात्यातल्या बायकांना घरी बसवलं, तेव्हा बावीस वर्षांच्या नोकरीचे फंडाचे पैसे रखमाच्या हातात आले. तिच्या नवऱ्यानं, दौलतनं, त्या पैशांत मनातल्या मनात चिपळूणजवळच्या गावी घरही बांधून टाकलं. पण रखमा म्हणाली, "शिवडीत बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या विकायच्या हायत. घेऊ आणि भाड्यानं देऊ."

"आपण? मालक?" दौलतला हसू आलं. जन्मभर लालबागच्या चाळीत दुसऱ्याला भाडं भरलेला माणूस तो.

"गावच्या घराला कुलूपच राहील. त्याचा काय उपयोग?" रखमानं विचारलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे, हरताळांचे दिवस होते. अशाच एका हरताळाच्या दिवशी दौलत मोर्चाला गेला आणि रखमा पायी शिवडीला. ती मालकाला भेटलीच नाही. पहाटेच नळावर जाऊन उभी राहिली, पाणी किती वेळ येतं ते पाहिलं, बायकांशी बोलली. एका खोलीचे पत्रे सडलेत, हे तिला तिथंच कळलं. मग मालकाशी, रमाकांतशी, बोलणी करताना तिनं आधी सडलेल्या पत्र्यांचाच विषय काढला. रमाकांतनं मुकाट्यानं भाव उतरवला. शेजारी बसलेला दौलत बघतच राहिला. गोदीत वीस वर्षं काढूनही साहेबासमोर त्याचं तोंड कधी उघडलं नव्हतं.

पत्रे बदलले, चुना लावला. मग रखमा म्हणाली, दोन्ही खोल्यांत मोरी करायची.

"भाडं सुरू व्हायच्या आधीच खर्च?" दौलत कुरकुरला.

"बाईमाणसानं उघड्यावर अंघोळ करायची का?"

मोऱ्या झाल्या. माणसं खोली बघायला येऊ लागली. बघायची, खूश व्हायची आणि मग विचारायची, "गाव कुठलं? वाडी कुठली?" रखमा सरळ सांगायची, "आम्ही बौद्ध." दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं. माणसं म्हणायची, "कळवतो." कुणी कळवलं नाही. असे दोन महिने गेले.

दौलतला राहवेना. "गुणाजीला मालक म्हणून पुढं करू. तो मराठा हाय, आपला दोस्त हाय. त्याला काय वाटणार नाय."

"मला वाटंल," रखमा म्हणाली. "माझी खोली मीच चोरून देऊ?"

तिचा आवाज चढला नव्हता. तरी दौलतला स्वतःचीच शरम वाटली.

पुढच्या रविवारी मालवणकडचं एक जोडपं आलं. रघु गिरणीत होता, त्याची बायको चंपा सात महिन्यांची गरोदर. रघुनं नेहमीचा प्रश्न विचारला, रखमानं नेहमीचं उत्तर दिलं. रघु घुटमळला. चंपा मात्र मोरीच्या आडभिंतीवर हात ठेवून उभी होती.

"चल, बघूया नंतर," रघु म्हणाला.

"नंतर कित्याक?" चंपा म्हणाली. "माका ही मोरी व्हयी. तुमका काय इचारूचा ता वाटेत कोणाकय इचारा, मी हयच रवतंय." आणि ती खरोखरच उंबऱ्यावर बसली. रखमानं तिला तांब्याभर पाणी दिलं. चंपानं ते घटाघट पिऊन टाकलं. रघु एकदा बायकोकडं, एकदा रिकाम्या तांब्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "कधीपासून येऊ?"

महिन्याभरात दुसरी खोलीही गेली, चंपाच्या मावसबहिणीला. तिनं गावाचं नावसुद्धा विचारलं नाही; आधी मोरी बघितली.

पहिल्या भाड्याची पावती द्यायची वेळ आली, तेव्हा दौलत पेन घेऊन पुढं झाला. रखमानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. साक्षरतेच्या वर्गात ती चार महिने कशाला जात होती, ते त्याला आत्ता कळलं. जीभ दातांत धरून तिनं अक्षर अक्षर जुळवत सही केली. नावातला 'ख' जरा मोठाच झाला.

दौलतनं पावती उजेडाकडं धरली, नीट वाचली आणि रघुला देताना म्हणाला, "जपून ठेवा हां. मालकिणीची सही हाय."