चावी फिरवली गो

मित्रांनो, मला बघून तुम्हाला मी कोण ते ओळखता येणार नाही. एक बारका बल्ब, दोन तारा, एका तारेच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला सुई, एवढाच माझा देह. मी एक जुना टेस्ट लॅम्प आहे. गाडीतला विजेचा बिघाड शोधताना मेकॅनिक मला हातात धरतो. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा आणि ज्या तारेचा संशय असेल तिच्यात सुई टोचायची. तारेत वीज असली की मी पेटतो. नसली की पेटत नाही. अर्धवट असली तर नुसता लालसर होतो. मला एवढंच येतं, पण ते करताना मला फार आनंद होतो. आजही सुई तारेला लागली की माझ्या अंगात नवी हुशारी येते.

माझा जन्म रत्नागिरीजवळ हातखंब्याला, हमरस्त्याच्या कडेला असलेल्या लवू इलेक्ट्रिशियनच्या पत्र्याच्या गॅरेजात झाला. माझा बल्ब मोडीत निघालेल्या रिक्षाच्या इंडिकेटरचा आहे. सुई सायकलच्या आऱ्याची, चिऱ्यावर घासून टोकदार केलेली. चिमटा तेवढा दुकानातून नवा आणला होता. माझी मूठ घामाच्या हातातून सरकायची, म्हणून लवूच्या बायकोने, दमयंतीने, तिच्यावर आपल्या परकराची जुनी नाडी गुंडाळून दिली. लवू म्हणाला, गिऱ्हाईक हसतील. ती म्हणाली, हसू देत, हातातून सुटणार तरी नाही. ती नाडी अजून माझ्या अंगावर आहे. तिचा रंग कोणता होता ते मात्र आता ग्रीसमुळे सांगता येत नाही.

गाडीच्या चावीमागे काय चालतं ते तुम्हाला सांगतो. बॅटरीतली वीज तारेतून चावीच्या स्विचापर्यंत येते आणि तिथे वाट बघत थांबते. चावी एक घर फिरवली की ती इंजिनाकडे आणि समोरच्या लहान दिव्यांकडे जाते. आणखी एक घर फिरवली की एका बारीक तारेने सेल्फकडे जाते. मग सेल्फ फिरतो आणि इंजिनाला जागं करतो. या वाटेवर कुठेही खंड पडला की गाडी मुकी झालीच म्हणून समजा. हा खंड शोधायला माणसं दोन लागतात. एकाने खाली मला धरायचं आणि दुसऱ्याने वर बसून चावी फिरवायची.

आमच्या गॅरेजात चावीवर दमयंती बसायची. घरचं आवरून, मासे साफ करून ती येई आणि पदर खोचून ड्रायव्हरच्या जागेवर चढे. चावीला बांगड्याचा वास लागला तर गिऱ्हाइकाने बोलायचं नाही, हे ती आधीच सांगून ठेवी. लवू गाडीखालून म्हणायचा, "फिरव गो." वरून उत्तर यायचं, "फिरवली." त्या दोन शब्दांच्या मध्ये मी श्वास रोखून असायचो. उत्तर आलं आणि मी पेटलो की लवू खालूनच हसायचा. ती चावी हळूहळू फिरवायची आणि बोटांना काय जाणवलं तेही सांगायची. इथे अडकतेय, इथे पोकळ लागतेय. निम्मा बिघाड तिच्या बोटांनीच सापडायचा.

किती गाड्या आम्ही तिघांनी बोलत्या केल्या! मासळीचे टेम्पो, आंब्याच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा. एकदा तर नवरदेवाचीच गाडी बंद पडली होती. नवरदेव बाशिंग बांधून बाकावर बसला होता आणि दमयंती त्याच्या जागी गाडीत बसून चावी फिरवत होती. गाडी सुरू झाल्यावर त्याने पहिला नमस्कार तिला केला. दुसरा मला केला, असं मी आपलं धरून चालतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी दमयंती गेली. आजार काय होता ते मला कळलं नाही. ती यायची बंद झाली आणि मग काही दिवस गॅरेजच उघडलं नाही, एवढं मला माहीत आहे. उघडल्यावर एक गाडी आली. लवू नेहमीसारखा खाली शिरला, माझा चिमटा लावला, सुई टोचली आणि सवयीने म्हणाला, "फिरव गो."

वर कोणीच नव्हतं. ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता.

लवूने सुई काढून घेतली. मग बाहेर आला, माझ्या तारा गुंडाळल्या आणि मला दमयंतीच्या दोऱ्यांच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. त्या दिवसापासून त्याने चावीचं काम घेणं सोडलं. असं काम आलं की तो पुढच्या गॅरेजकडे बोट दाखवायचा. त्याची मुलगी वेदिका आयटीआय करून त्याच्या हाताखाली आली होती. ती म्हणाली, चावीवर मी बसते. त्यावर तो म्हणाला, तुझा वीज मोजायचा मीटर आहे ना, त्याच्याने होईल तेवढं करू. डब्यात काळोख होता. रिळांच्या आणि बटणांच्या मध्ये मी महिनोन्‌महिने पडून होतो. आत वीजही नव्हती आणि हाकही नव्हती.

मग चैत्रातल्या एका दुपारी बाहेर गलका ऐकू आला. डब्यातून जे दिसलं नाही ते मला नंतर वेदिकाच्या बोलण्यातून कळलं. केरू नावाचा ड्रायव्हर आपला टेम्पो ढकलत गॅरेजपर्यंत घेऊन आला होता. मागून त्याची वहिनी सोनूबाई जोर लावत होती. तिच्या काखेत संकासुराची काळी उंच टोपी होती. संकासुर म्हणजे आमच्याकडच्या नमनातलं, गावच्या लोकनाट्यातलं, सोंग. काळा झगा घालून नाचतो आणि सगळ्यांना हसवतो. पूर्वी नमनात बाईचंही सोंग पुरुषच घ्यायचे. सोनूबाईने गावातल्या बायकांचं नमन उभं केलं होतं आणि संकासुर ती स्वतः करणार होती. संध्याकाळी राजापूरला स्पर्धा होती. बाकीच्या बायका सकाळच्या एसटीने पुढे गेल्या होत्या. त्यांच्या साड्या, मुखवटे, मृदुंग, सगळं या टेम्पोत होतं. टेम्पो वेळेवर पोचला नाही तर त्या पहिल्याच वर्षी घरच्या कपड्यांत परत येणार होत्या. आणि बायकांच्या नमनाला गावातले जे पुरुष हसत होते ते आयुष्यभर हसले असते.

केरू म्हणाला की हॉर्न वाजतो, मोठे दिवे लागतात, पण चावी फिरवली की नुसतं टिक होतं. बॅटरी गेल्याच आठवड्यात नवी घातली होती. रोज धक्का मारून चालवत होतो, आज गाडी धक्क्यालाही उठेना.

लवूने सवयीने पुढच्या गॅरेजकडे बोट केलं. सोनूबाई म्हणाली, तो लग्नाला गेलाय, शटर बघूनच आलो. मग टोपी बाकावर ठेवून ती म्हणाली, "लवूभाऊ, दमयंती असती तर आतापर्यंत चावीवर चढली असती. मला काय नाय, पण तिथं राजापुरात बारा बायका रस्त्याकडं बघत उभ्या आहेत."

लवू फडक्याला हात पुसू लागला. वेदिका मात्र मीटर घेऊन पुढे झाली. तिने बॅटरी तपासली. उत्तम होती. स्टिअरिंगखालचा कपलर, म्हणजे स्विचाच्या तारा जोडणारा प्लास्टिकचा तुकडा, तिने ओढून काढला आणि त्यात मीटरची टोकं घातली. मीटरने बॅटरीइतकाच आकडा दाखवला. केरू म्हणाला, मग सेल्फच गेला. सेल्फ उतरवून दुरुस्त करायचा म्हणजे आजची स्पर्धा विसरायची.

तेवढ्यात माझ्या डब्याचं झाकण उघडलं. मित्रांनो, काय सांगू! उजेड आला, आणि वेदिकाचा हात आला. लवू म्हणाला, "तो राहू दे."

"मीटरला उपाशी तार पण चालते, बाबा," वेदिका म्हणाली. "ह्याला खायला लागतं. म्हणून आई ह्यालाच विचारायची."

तिचं खरं होतं. मीटर काही माझा वैरी नाही, तो हुशार आहे. पण त्याला वीज लागते ती नावापुरती. तारेचा एखादा केस जरी शिल्लक असला तरी तो भरलेला आकडा दाखवतो. मी बल्ब आहे. मला पेटायला चांगली भरपूर वीज यावी लागते. एका केसावर माझं पोट भरत नाही.

वेदिका टेम्पोखाली शिरली. सेल्फची बारीक तार सोडवून तिने माझी सुई तिला लावली. मग ती खालून म्हणाली, "फिरवा, बाबा."

केरू चढायला निघाला होता. सोनूबाईने त्याचा शर्ट धरला. लवू हात पुसत पुढे आला आणि ड्रायव्हरच्या जागेवर चढला. त्या जागेवर मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. तो नेहमी खाली असायचा.

मला किंचित वीज आली. इतकी थोडी, की उन्हात मी पेटलोय की नाही ते वेदिकाला कळेना. ती म्हणाली, "फिरवलीत काय? सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

वरून आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने दारावर बोटांनी दोनदा टकटक झाली. वेदिकाने माझ्याभोवती ओंजळ धरली. काळोखात मी लालसर दिसलो. वीज येत होती, पण वाटेतच कुठेतरी उपाशी होत होती.

आता माझ्या अंगात जोर आला. वेदिकाने मला वर नेलं आणि मीटरने जिथे उत्तम म्हटलं होतं त्याच कपलरमध्ये सुई घातली. मी लालच. मग बॅटरीकडून येणाऱ्या त्याच तारेत वीतभर मागे तिने सुई टोचली. मी असा लख्ख पेटलो की सोनूबाईने डोळे बारीक केले! वीतभर मागे पोटभर आणि कपलरमध्ये उपाशी. चोर त्या वीतभरातच होता. लवू वाकून बघू लागला. त्याने कपलर उलटा केला आणि तार ओढली. पिनेतून तार जवळजवळ सुटूनच आली. आत सगळा हिरवा गंज होता. तांब्याचे दोन-तीन केस तेवढे उरले होते.

लवूने केरूला विचारलं, इथे पाणी कुठून आलं. केरू उलट अभिमानाने म्हणाला, "दसऱ्याला नि पाडव्याला पूजा करतो ना मी. नारळ फोडला की पयलं पाणी चावीवर. गाडी जिथनं जागी होते तिथं पयला मान."

"भावोजी," सोनूबाई म्हणाली, "पाणी पाजून पाजून देवाला पण तोंड बंद करून बसायची पाळी आणलीत तुम्ही."

लवू हसला. दमयंती गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. त्याने गंजलेली तार कापली, आतला स्वच्छ तांबडा भाग मोकळा केला, नवी पिन दाबून बसवली, ग्रीस लावलं, टेप गुंडाळली. स्विचही उघडून पुसून घेतला. उन्हं किती कलली ते कळायला सोनूबाई सारखी सावली बघत होती.

वेदिका पुन्हा खाली गेली. सुई पुन्हा त्याच बारीक तारेला लागली.

"फिरवा, बाबा."

मी श्वास रोखला. रस्त्यावरून एक एसटी गेली. तिचा आवाज विरून गेला तरी वरून काही येईना. मग लवू बोलला. आवाज खालपर्यंत नीट पोचला.

"फिरवली गो."

आणि मी पेटलो. पूर्ण, लख्ख, उन्हातही दिसेन असा!

तार जोडताच इंजिन एका दमात सुरू झालं. सोनूबाईने टोपी तिथेच डोक्यावर चढवली आणि केरूला हाकत निघून गेली. रात्री तिचा वेदिकाला फोन आला. नंबर आला नव्हता, पण संकासुराला बघून राजापूरकर पोट धरून हसले होते. पुढच्या वर्षीचं आमंत्रणही हातात पडलं होतं.

आता मी डब्यात नसतो. शटरजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो आणि चावीची कामं पुन्हा आमच्याकडे येतात. कधी वेदिका खाली असते, कधी लवू.

मित्रांनो, तुमच्या गाडीची पूजा जरूर करा, पण चावीला फूल वाहा, पाणी घालू नका. घरातली जुनी कामाची वस्तू बघवत नाही म्हणून डब्यात बंद करू नका, तिच्याकडून काम घ्या. आणि तुमच्या घरात कुणी खालून हाक मारत असेल, तर दारावर टकटक करून भागवू नका. तोंडाने उत्तर द्या. खालच्या माणसाला काळोखात तेवढाच उजेड असतो.