खिशातला फ्यूज

वीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, तरी मला अक्कल शिकवणारं कुणी ना कुणी रोज गॅरेजात येतंच. सोमवारी सकाळी वहिनी आल्या. दादा गेल्यापासून त्याची गाडी आता वहिनीच चालवतात. दादाला घेऊन वळणावर घसरून भिंतीला धडकली ती हीच. मीच ठोकूनठाकून पुन्हा उभी केलेली. पोरीला शाळेत सोडताना म्हणे त्याच वळणावर घसरणीचा दिवा लुकलुकतो आणि एक चाक आपोआप आवळतं. रस्ता कोरडा, वेग बेताचा, तरीही.

मी वैतागून समजावलं. अहो, ही घसरण रोखणारी यंत्रणा सारखी बघत असते, तुम्ही स्टिअरिंग कुठं वळवलंय आणि गाडी खरंच कुठं चाललीय. दोन्ही जुळलं नाही की ती एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी ताळ्यावर आणते. सेन्सर बिघडला असेल, दुसरं काय! पण त्या ऐकेनात. तिचा फ्यूजच काढून टाका म्हणाल्या, त्या वळणावर कुणीतरी हात धरल्यासारखं वाटतं.

हेच दादानंही मागितलं होतं. बटण दाबून यंत्रणा बंद होते, पण गाडी नव्यानं सुरू केली की ती पुन्हा चालू. रोज दाबायचा त्याला कंटाळा; गाडीनं मला शिकवायचं नाही, म्हणायचा. त्याच्या हट्टापायी मी फ्यूज काढला आणि मग पेटूनच राहणाऱ्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. आठवड्याच्या आत तो गेला. मी गुपचूप फ्यूज बसवला, पट्टी सोलली आणि तोंडाला कुलूप लावलं. ओल्या रस्त्यावर घसरली, एवढंच वहिनींना ठाऊक.

दोष सेन्सरचाच आहे हे दाखवायला मी फ्यूज काढून खिशात टाकला आणि त्यांच्या शेजारी बसलो; त्यांनी गाडी त्याच वळणाकडे काढली. दिवा एकसारखा पेटला, पेटायला हवा तसाच. पोर शाळेत होती, तेवढं बरं.

उजव्या वळणावर कुणाचं तरी डिझेल सांडलेलं होतं. मागची चाकं सटकली आणि समोर तीच भिंत आली. माझे डोळे उघडे होते म्हणून सांगतो, दिवा लुकलुकायला लागला. पुढचं डावं चाक करकरत आवळलं, सुटलं, पुन्हा आवळलं. वहिनींचा पाय ब्रेकवर नव्हताच. गाडी सरळ झाली आणि कडेला जाऊन थांबली.

"भावोजी, फ्यूज काढलाय ना?"

मी तो खिशातून काढून तळहातावर धरला. दिवा आता पुन्हा एकसारखा पेटला होता.

वहिनींनी दिव्याभोवती उरलेला पट्टीचा काळा चिकटा नखानं खरवडला. मी तो नीट पुसलाच नव्हता.

"त्या दिवशीही काढलेलाच होता?"

मी हो म्हणालो. फ्यूज माझ्या हातातच होता, आणि दिवा विझला.