सहाचा नऊ करणारा फलक

मी एक जुना आकड्यांचा फलक आहे. मित्रांनो, फुटबॉलच्या सामन्यात खेळाडू बदलायचा असला की मैदानाच्या कडेला मला उंच धरतात. माझ्या लाल बाजूवर बाहेर येणाऱ्याचा नंबर असतो, हिरव्या बाजूवर आत जाणाऱ्याचा. एकदा बाहेर आलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरत नाही. म्हणून माझ्या शब्दाला भारी वजन!

एका सुताराने मला घडवले. संघाच्या शिंपीकाकांनी माझ्यावर अडकवायचे जाड कापडाचे आकडे शिवले. मला उचलण्याचा मानही त्यांचाच.

संघात चौदा नंबरचा एक पोस्टमन होता. वय झालेले, पोट सुटलेले. सगळा हंगाम तो बाकावरच बसून होता. त्याची लेक दर सामन्याला विचारायची, "बाबा, आज तरी उतरणार ना?"

"बूट घालूनच बसलोय की!" तो हसून म्हणायचा. मला मात्र फार वाईट वाटायचे.

हंगामाचा शेवटचा सामना बरोबरीत होता आणि एकच बदल उरला होता. बचावातला सहा नंबरचा गवंडी धापा टाकत होता. कोच म्हणाले, "सहाला काढा, पोस्टमनला पाठवा."

पण शिंपीकाकांनी घाईघाईत माझ्या लाल बाजूवर सहाचा आकडा उलटा अडकवला. इंग्रजी आकड्यांतला सहा उलटा केला की काय होते? नऊ! आणि नऊ नंबर म्हणजे आमचा हुकमी गोल करणारा ड्रायव्हर. तो फणकाऱ्याने बाहेर आला, पोस्टमन आत धावला आणि खेळ सुरू झाला.

कोचनी कपाळावर हात मारला. "काका, काय करून बसलात हे!"

पुढे कुणीच उरले नव्हते, म्हणून पोस्टमनच पुढे पळाला. दमलेल्या गवंड्याने जीव खाऊन चेंडू लांब टोलवला. तो पोस्टमनच्या पोटावर आदळला आणि गोलकीपरला चकवून थेट जाळ्यात! सगळ्यांत आधी उडी कुणी मारली असेल? रुसलेल्या ड्रायव्हरने! लेक तर ओरडून ओरडून घसा बसवून बसली. मी लाकडाचा, तरी आनंदाने थरथरलो.

आता दिव्यांचा नवा फलक आला आहे. मी जुन्या जाळ्यांमागे पडून असतो. मित्रांनो, कधीतरी माझ्यावरची धूळ झटका. बाकावर बूट घालून बसलेल्यालाही एकदा हाक मारा. आणि हो, माझ्या हिरव्या बाजूवर तो चौदा अजून तसाच आहे. तेवढा मात्र काढू नका.