पाच जागांवरची त्रिवेणी

"चहात आलं घालायचं कधी सुचणार आहे यांना?" मीना कपात डोकावून पुटपुटली. "कोच बदलले, रिंगा बदलल्या, काचेचे बोर्ड आले. चाय मात्र तीच. रंगवलेलं गरम पाणी!"

"पी गं बाई. तुझ्या घरचा पिऊन बघितलाय मी," त्रिवेणी म्हणाली.

तारनाक्याच्या बास्केटबॉल कोर्टालगतच्या पायऱ्यांवर तिघं बसले होते. मधे टीमचे जुने कोच भगवंतराव सर, वय ब्याऐंशी, काठी गुडघ्यांत धरलेली. एका बाजूला मीना, दुसऱ्या बाजूला त्रिवेणी. दोघी कधीकाळी सरांच्या हाताखाली, सरकारी खात्याच्या टीममधल्या फॉरवर्ड. आता खात्यातल्याच खुर्च्यांवर पन्नाशी ओलांडलेल्या, आणि खाली बसायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी घेणाऱ्या. रविवार असूनही आज बोलावणं होतं, कारण खात्याची निवड समिती म्हणजे हे तिघंच. हल्लीचा कोच प्रमोद याला संध्याकाळच्या आत एका कागदावर त्यांच्या सह्या हव्या होत्या.

कागद निशिगंधाबद्दल होता. एकोणीस वर्षांची पोर. आईवडील कंप्युटरच्या नोकरीपायी पुण्याहून हैदराबादला आलेले. मराठी बोलायची झोकात, वाचायला दिलं की घाम फुटायचा. टीममध्ये येऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि भारताच्या सराव शिबिरासाठी नावं मागवणारं पत्र आलं. पंचाईत एवढीच, की शिबिर आणि टीमची सिकंदराबादची स्पर्धा एकाच पंधरवड्यात पडत होती.

"पोरगी चांगली आहे, सर. पण कच्ची आहे अजून," प्रमोद म्हणाला. "आपल्या जुन्या फॉरवर्ड आठवा, त्यांच्या शेजारी हिला उभी करून बघा. मी तसंच लिहिलंय. एक वर्ष मुरू द्या, मग पाठवू."

समोर सराव सामना चालू होता. निशिगंधाने कोपऱ्यातून बॉल टाकला, जाळी नुसती हलली.

"माझा शॉट!" मीना म्हणाली. "फक्त मी मनगट जरा जास्त मोडायची."

"अजून मोडतेस. बोलताना," सर म्हणाले.

"रिंगखाली सुशीलाबाईंची आठवण येते थोडी," प्रमोद म्हणाला. सुशीलाबाई म्हणजे सहा फुटांची बाई. उडी कधी मारायचीच नाही, नुसता हात वर करायची. "पण तेवढी ताकद कुठंय हिच्यात?"

तेवढ्यात निशिगंधाने आपल्या रिंगखाली उसळलेला बॉल पकडला. गार्डच्या हाती न देता स्वतःच घेऊन निघाली. तिघींना चुकवलं, रिंगपाशी उडी घेतल्यासारखं केलं आणि न बघताच मागच्या पोरीला पास दिला. बास्केट पडलं. टाळ्या त्या मागच्या पोरीला मिळाल्या.

"हे मात्र अगदी..." मीनाने सुरुवात केली आणि नावं ठेवलेला तो चहा एका दमात पिऊन टाकला. प्रमोदने बुटाची चांगली बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

त्रिवेणीला हे सवयीचं होतं. जुन्या फॉरवर्ड मोजायला बसले की लोक सुशीलाबाईंपासून सुरू करत, मीनापर्यंत येत, आणि पुढचं नाव घ्यायच्या वेळी प्रत्येकाला काहीतरी काम निघे.

चौऱ्याण्णवच्या स्पर्धेत त्रिवेणी पाचही जागांवर खेळली होती. गार्डचे फाउल भरले, तर बॉल हिने वर आणला. सुशीलाबाई नव्हत्या, तर पाच फूट सहा इंचांची ही बाई सेंटर होऊन रिंगखाली धक्के खात उभी राहिली. कप आला. नेमकं त्याच आठवड्यात भारताचं शिबिर होतं; मीना आणि सुशीलाबाई तिकडे गेल्या होत्या. त्रिवेणी गेली नव्हती. "यादीत नाव आलं नाही," असं सगळे म्हणाले, आणि पाऊस आला नाही म्हणावं तसं ते वाक्य तेव्हापासून चालत आलं होतं. पुढच्या वर्षी गुडघा गेला. विषय संपला.

जागा भरायची खोड मात्र गेली नाही. ऑफिसात कुणी बाळंतपणाला गेलं, कुणाच्या घरी लग्न निघालं, की त्या टेबलावर त्रिवेणी. नात्यातल्या लग्नात आचारी आला नाही तेव्हा तीनशे माणसांची खिचडी हिने उतरवली आणि तोंड धुऊन परत वरमाईशेजारी फोटोला उभी राहिली. नवरा थट्टेनं म्हणायचा, "आमच्या घरात मी एकटाच पक्क्या जागेवर आहे. तिथंही ही कधी येऊन बसेल, भरोसा नाही."

आणि तरी, देवाशप्पथ, तिची तक्रार नव्हती. तिचे वडील सुलतान बाजारात एका दुकानात कापड मोजून द्यायचे. मुलगी अर्ध्या चड्डीत चारचौघांत खेळणार, हे त्यांना पटणं कठीण होतं. सर तीन शनिवार त्या दुकानात गेले. दर वेळी शर्टाचं कापड घेतलं आणि दर वेळी पैसे देता देता, सहज बोलल्यासारखं, पोरीचं विचारलं. तिसऱ्या शनिवारी वडील म्हणाले, "ठीक आहे मास्तर, आता कापड नक्को घेऊ." त्या 'ठीक आहे'तून तिची नोकरी निघाली, धाकट्या भावांची शिक्षणं निघाली, तारनाक्याच्या दोन खोल्या निघाल्या. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसली की तिला हे सगळं एका बॉलमधून बाहेर आल्यासारखं वाटायचं, आणि तो बॉल हातात देणारा माणूस आठवायचा.

म्हणून तर, गुडघा गेल्यावर पहिल्याच वर्षी आवक-जावक विभागात जुन्या फायली लावताना ती यादी हाताला लागली, तेव्हा तिने ती वाचली आणि होती तिथंच ठेवली. शिबिराला नावं पाठवल्याची स्थळप्रत होती ती. मीनाचं नाव होतं. सुशीलाबाईंचं होतं. तिचं नव्हतं. खाली सही सरांची. मीनालाही तेव्हापासून माहीत असणार. प्रमोदनंही कुठूनतरी ऐकलं असणार. तीस वर्षं कुणी कुणाला विचारलं नव्हतं. ज्याने एवढं दिलं त्याला एका गोष्टीचा जाब कसा विचारायचा?

प्रमोदने कागद पुढे केला. मीनाने सही केली. "मला काय, कोचला काय पाहिजे ते कोचनं बघावं," असं त्रिवेणीकडे न बघता म्हणाली आणि पेन तिच्याकडे दिलं.

"चष्मा विसरले," त्रिवेणी म्हणाली.

"ताई, डोक्यावर आहे."

तिने तो नाकावर घेतला. 'मागील फॉरवर्ड खेळाडूंच्या तुलनेत' इथपर्यंत वाचलं, तोच सामन्याची मधली सुट्टी झाली. निशिगंधा घाम पुसत, बाटली तोंडाला लावत पायऱ्यांशी आली.

"ताई, फायनली सांगा ना, मी कुणासारखी खेळते? प्रमोद सर रोज नवीन नाव सांगतात. कन्फ्यूज झालीये मी!"

"त्रिवेणीसारखी," मीना बोलून गेली. सही करून झाल्यावर तिला खरं बोलायचं सुचलं होतं. "अगदी तश्शी."

"वॉव! मग ताई, तुम्ही इंडिया कॅम्पला किती वेळा गेलात?"

"एकदाही नाही."

"का?"



"यादीत नाव आलं नव्हतं तेव्हा," प्रमोद घाईनं म्हणाला. "होतं असं कधी कधी. ताई, सही..."

त्रिवेणीने पेनाचं टोपण लावलं. "मी नाही करणार."

"कारण काय लिहू?"

कारण एका वाक्याचं होतं. ते बोललं असतं तर पोरीचं शिबिर वाचलं असतं. पण शेजारी तीन शनिवार कापड घेणारा म्हातारा बसला होता, आणि ते वाक्य तिच्या तोंडून निघेना.

"कारण नाही. नाही करणार, बस."

"असं कसं ताई? दोन सह्या आणि एक कोरी, वर काय सांगू मी? पोरगी गेली तर माझ्या टीममध्ये पाच ठिकाणी भोकं पडतील हो!"

भगवंतराव काठी पायरीवरच ठेवून उठले. सवयीने त्रिवेणीचा हात आधाराला पुढे आला. तो त्यांनी घेतला नाही.

"प्रमोद, तो कागद फाड. पोरीचं नाव आजच जाऊ दे," ते म्हणाले. मग निशिगंधाकडे वळले. "बेटा, हिचं नाव यादीत आलं नव्हतं, हे झूट आहे. यादी मी केली होती. पाचही जागांवर खेळणारी एकच होती माझ्याकडे. ती गेली असती तर मी हरलो असतो, म्हणून तिचं नाव मी लिहिलंच नाही. तिच्यात काही कमी नव्हतं. मला कप हवा होता."