कानामागची बट

माझ्या दुकानात एक नियम आहे. रंग असो, ब्लीच असो, आधी कानामागची एक बट कापायची, वीसेक केसांची. ती ओली करायची, दोन चिमटींत धरायची आणि हळूच ओढायची. ताणली जाऊन परत जागेवर आली तर केसात जीव आहे. तशीच लोंबत राहिली तर थांबायचं. तुटली तर गिऱ्हाइकाला गोड बोलून घरी पाठवायचं, मग ते कितीही फणफणू दे. फणफणलेलं गिऱ्हाईक परत येतं, टक्कल पडलेलं येत नाही. तपासलेल्या बटेला चिकटपट्टी लावून मी तिच्यावर तारीख घालते आणि एप्रनच्या खिशात टाकते. अकरा वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नाही. त्या दिवशीसुद्धा नाही.

हे सगळं मी धाकटीला शिकवलं होतं, आणि तेच मला नडलं.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिचे केस लहानपणापासून कमरेखाली. आमच्या आईनं आयुष्यात काही मिळवलं असेल तर ते केस, असं आईचंच म्हणणं. रोज संध्याकाळी तिला पुढ्यात बसवून अर्धा अर्धा तास विंचरत बसायची. माझी पाळी आली की, "तुझं काय, चार तर केस. तुझं तू उरकून घे." मी आयुष्यभर माझं मी उरकत आले. दुसऱ्याच्या दुकानात सात वर्षं लोकांची डोकी धुतली, मग स्वतःचं दोन खुर्च्यांचं दुकान टाकलं. आईचा डॉक्टर, आईचा चष्मा, आईची कवळी, सगळं माझ्याकडे. दुकान उघडलं त्या दिवशी नेमके आईचे गुडघे दुखत होते. पुढं अकरा वर्षं ते दुखतच राहिले, पण फक्त माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढायच्या वेळी. पायऱ्या दोन आहेत.

गेल्या वर्षी धाकटी नवऱ्याचं घर सोडून आली ती केसांची पार वाट लावूनच. नवऱ्याला सोनेरी केस हवे होते म्हणून घरच्या घरी डब्यातलं ब्लीच तीनदा फासलं. तरी नवरा काही वळला नाही, तेव्हा चिडून वरून काळा रंग थापला. पाच वर्षांची मुलगी नवऱ्यानं ठेवून घेतली. "आधी स्वतःच्या पोटापाण्याचं बघ. नोकरीचं पत्र दाखव आणि पोरीला घेऊन जा," म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला, म्हणजे त्याला मागे फिरता येणार नव्हतं. धाकटी रोज रात्री मुलीचा छोटा मोजा उशीखाली घेऊन झोपायची. मला ते दिसायचं, मी काही आंधळी नाही.

आणि नोकरी समोर आली. एका शांपूच्या कंपनीला दुकानादुकानांत उभं राहून माल दाखवणारी बाई हवी होती. वर्षभराचं काम, पत्र हातात. चेहऱ्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं, केस हवे होते, लांब आणि मधाच्या रंगाचे. जुने फोटो बघून कंपनीची बाई भाळली. म्हणाली, दीड महिन्यानं प्रत्यक्ष येऊन दाखवा.

"ताई, आता तूच काय ते कर गं," धाकटी माझ्या खुर्चीत बसून म्हणाली.

मी बट कापली, ओली केली, ओढली. च्युइंगमसारखी लांबली आणि तुटली. "बाईसाहेब, हे केस आहेत का केरसुणी?" मी म्हणाले. ती हसायला गेली आणि रडली.

केसाच्या आत बारीक जोड असतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. ब्लीच त्या पायऱ्या मोडतं. वरून तेल, क्रीम काहीही चोपडा, नुसती चकाकी येते, आत शिडी मोडलेलीच. बॉण्डचं औषध आत शिरून मोडलेले जोड बांधतं. सगळे नाही, काही. हे 'काही' गिऱ्हाइकाला ऐकूच येत नाही.

दर मंगळवारी दुपारी मी तिला बसवायचे. केस धुवायचे, टॉवेलनं टिपायचे, बोटभर रुंदीचे भाग पाडून एकेका भागाला मुळापासून टोकापर्यंत औषध लावायचं. वीस मिनिटांनी दुसरं क्रीम. दर खेपेला दोन बोटं टोकं कापायची. गरम मशीनला हात लावायचा नाही, ओल्या केसांत फणी घालायची नाही. आईला मी विंचरायची बंदी केली तेव्हा तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, मला तेवढीच विश्रांती. फुकट नको म्हणून धाकटी माझे टॉवेल आणि एप्रन घरी नेऊन धुवायची. बट बघायलाही मी तिला शिकवलं. कुठं धरायची, किती ओढायची, तुटली तर टोक कसं दिसतं.

पाचव्या मंगळवारी बट ताणली आणि सुर्रकन परत गेली. "गेली गं ताई, परत गेली!" असं ओरडत तिनं माझ्या बोटांचे मुके घेतले. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. माझ्या हातचं काम होतं ते.

आता राहिला होता काळा रंग काढायचा. त्याला ब्लीचशिवाय इलाज नाही. "त्यात तू बॉण्डचं औषध घालशीलच ना? मग कशाला काही होतंय," धाकटी म्हणाली. सगळ्यांना असंच वाटतं. औषध घातलं तरी ब्लीच ते ब्लीचच. म्हणून त्या दिवशी बट नुसती ओढून भागत नाही. तिला आधी तेच मिश्रण लावून ठेवायचं आणि मग ओढायची. मी बट कापली, मिश्रण लावलं, वाटीत ठेवली. शेजारच्या खुर्चीत बँकेतली बाई होती, माझं जुनं गिऱ्हाईक, डोक्याला मेंदी लावून बसलेली.

तेवढ्यात दार उघडलं आणि आई आत आली. दोन पायऱ्या चढून, धापबीप काही न टाकता.

"म्हटलं आज माझ्या लेकीच्या केसांचा दिवस, बघून यावं," आई म्हणाली. माझ्या दुकानाकडे तिनं नजर फिरवली ती टेकायला जागा कुठं आहे तेवढं बघायला. भिंतीवरचा परवाना, आरसे, मी रांगेत मांडलेल्या कात्र्या, कशावर नजर थांबली नाही. बसली आणि धाकटीचे केस मांडीवर घेतले.

बँकेतली बाई कौतुकानं म्हणाली, "आजी, तुमच्या दोन्ही मुली गुणी हो."

"केसांची ही," आई धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आणि ती कामाची. घरात एक कामाचं माणूस लागतंच की."

बँकेतली बाई हसली, आई हसली, धाकटीही हसली. मीही हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

वीस मिनिटं झाली. मी वाटीतली बट धुतली आणि खिडकीकडे तोंड करून ओढली. लांबली आणि तुटली, अगदी पहिल्या दिवसासारखी. एक तुकडा या चिमटीत, एक त्या. दोन बोटांचं अंतर. माझ्या मनात आधी आलं ते हेच, की आता थांबायचं, कंपनीच्या बाईला महिनाभर मुदत मागायची, दिलीही असती तिनं. मग मागून आईचा आवाज आला, ती बँकेतल्या बाईला धाकटीच्या लहानपणीच्या वेणीची लांबी हातानं दाखवत होती.

"काय गं ताई, होईल ना?" धाकटीनं विचारलं.

"होईल," मी म्हणाले. सवयीनं चिकटपट्टी लावली, तारीख घातली, खिशात टाकली.

डोकंभर तेच मिश्रण लावलं. चाळीस मिनिटांनी बेसिनमध्ये पाणी सोडलं आणि केस हातात येऊ लागले. आधी पुंजके, मग हाताच्या पंजाएवढे गठ्ठे. ओल्या शेवयांसारखे लिबलिबीत, ओढावेही लागत नव्हते. जाळीत अडकून बेसिन तुंबलं. आईनं किंकाळी फोडली, जशी कुणी मेल्यावर फोडतात. धाकटीला मान वर करता येत नव्हती. ती छताकडे बघत पडून राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, "ताई, तू बट बघितली होतीस ना?"

"सगळ्यांदेखत बघितली."

"हो हो, मी होते ना इथंच," बँकेतली बाई म्हणाली. मला मागायचीही गरज पडली नाही, साक्ष आपणहून आली.

मग मी तिचे उरलेले केस तीन बोटांवर कापले. कापताना माझ्या पोटात गार गार वाटत होतं, आणि तेही मला आवडलं. धाकटीनं आरशातून माझा हात धरला. "तुझी काय चूक? तू किती राबलीस माझ्यासाठी," म्हणाली. घरी जाताना नेहमीसारखा टॉवेलांचा ढीग उचलला. मी एप्रन काढून वर टाकला.

कंपनीनं दुसरी बाई घेतली. नवऱ्यानं मुलीचं नाव तिकडच्याच शाळेत घातलं आणि निरोप पाठवला, की आता पोरीला उगाच हलवायचं नाही. आई मात्र बदलली. मला जेवायला वाढू लागली. "ताईनं जिवाचं रान केलं हो, पण नशीबच फुटकं," येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याबद्दल बोलत होती आणि मी मिटक्या मारत ऐकत होते. एप्रनच्या खिशाची मला आठवणसुद्धा राहिली नाही.

पुढच्या मंगळवारी दुकान भरलेलं होतं, बँकेतली बाईही होती. धाकटी आली, धुतलेल्या टॉवेलांची चळत ठेवली, तिच्यावर घडी घातलेला एप्रन. खुर्चीत बसली. आरशाखालच्या फळीवर तिनं चिकटपट्टीचा एक तुकडा ठेवला. माझ्या अक्षरात त्या दिवसाची तारीख, आणि खाली बटेचे दोन तुकडे, नीट शेजारी शेजारी लावलेले.

"आईला सांगितलंस?" मी तिच्या कानाशी पुटपुटले.

"छे! कशाला? आई किती खूश आहे तुझ्यावर." मग ती वळून बँकेतल्या बाईला म्हणाली, "आमची ताई माझी ट्रीटमेंट फुकट करते हो, दर मंगळवारी."

"अशी बहीण मिळायला भाग्य लागतं," बँकेतली बाई म्हणाली.

"तुला हवंय काय?" मी विचारलं.

"केस वाढवायचेत. कमरेपर्यंत. किती दिवस लागतील?"

धंद्याचा प्रश्न होता, तोंडातून उत्तर निघून गेलं. "सहा वर्षं."

"मग सहा वर्षं येईन की." ती आरशात माझ्याकडे बघत होती. "माझी पोर अकरा वर्षांची होईल तोवर. मला ओळखणार नाही, पण केस असतील." तिनं डोकं एका अंगाला कलवलं आणि कानाची पाळी बोटानं पुढं धरली. "चल, आधी बट घे. नियम आहे ना तुझा. आणि काय झालं ते मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू दे."

मी कात्री घेतली. तीन बोटांच्या केसांतून बट धरता येईना, दोनदा निसटली. तिसऱ्यांदा कापली, ओली केली, ओढली.

"परत गेली," मी म्हणाले.

"मोठ्यानं, ताई."

परवा एकोणिसावा मंगळवार झाला. ती एकही चुकवत नाही. हल्ली आईही येते तिच्याबरोबर, दोन्ही पायऱ्या चढून, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगते, ही माझी थोरली.