वर्तुळातले उबदार ठिपके

मित्रांनो, मला दोन डोळे आहेत, पण पापण्या नाहीत. एका डोळ्याला तुमच्यासारखे दिसते. दुसऱ्याला फक्त ऊब दिसते. जिवंत असेल ते पांढरे, थंड असेल ते काळे. या दुसऱ्या डोळ्याने मी एका बेटावर जे पाहिले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

मी एक म्हातारा ड्रोन आहे. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोदामात, रंगाच्या डब्यांमागे पडून असतो. कतारमध्ये आलो तेव्हा खजुराच्या बागांवर औषध फवारणे हे माझे काम होते. मला चालवणारे डॉमनिक मूळचे वसईचे. रोज काम संपले की ते माझे पंखे मऊ ब्रशने स्वतः साफ करत. कोणी हसले तर म्हणत, "हा माझा तिसरा मुलगा. घरी मी मराठीत विचारतो, पोरं इंग्लिशमध्ये उत्तर देतात. हा निदान उलट उत्तर देत नाही."

मग एक दिवस माझ्या टाकीत औषधाऐवजी हिरव्या गोळ्या भरल्या गेल्या.

अल वक्रा बंदरातून बोटीने जावे असे ते एक उजाड, सपाट बेट होते. दर मे महिन्यात तिथे सुरय नावाचे समुद्रपक्षी येतात आणि उघड्या वाळूत अंडी घालतात. कोणाच्या तरी सामानातून तिथे उंदीर पोहोचले. तेव्हापासून सुरय येत, पण उंदीर अंडी खात आणि पिल्ले दिसेनाशी झाली. आकाशातून विष टाकावे की नाही, यावर दोह्याच्या कार्यालयात महिनोन्महिने वाद झाला. कोणी म्हणाले, उंदरालाही जीव आहे. कोणी म्हणाले, मेलेले उंदीर खाऊन आणखी काय काय मरेल? शेवटी ठरले की सुरय दूर असतात तेव्हा, म्हणजे हिवाळ्यात, विष टाकायचे. या कामाच्या प्रमुख होत्या पुण्याच्या पक्षीतज्ज्ञ विभावरी.

"एक लक्षात ठेवा, डॉमनिक," त्या म्हणाल्या, "इथे नव्वद टक्के मार्क म्हणजे नापास. उंदरांची एक जोडी उरली तरी वर्षभरात सगळं पुन्हा पहिल्यासारखं."

"मॅडम, शाळेत असं असतं तर मी तेव्हाच पळून गेलो असतो," डॉमनिक हसले.

बेटाच्या मधोमध मीनखाईचे घरटे होते. मीनखाई म्हणजे मासे पकडणारी मोठी घार. इथे झाडे नाहीत, म्हणून ती जमिनीवरच काटक्या रचते. ती उंदीर खात नाही, त्यामुळे तिला विषाची भीती नव्हती. भीती माझी होती. मी डोक्यावर आलो की ती अंडी सोडून उठणार आणि थंड वाऱ्यात अंडी उघडी पडणार. डॉमनिकनी तिला माझ्या डोळ्यातून कितीतरी वेळ पाहिले होते. माझ्या उड्डाणाचा नकाशा आखताना त्यांनी घरट्याभोवतीचे एक वर्तुळ गुपचूप वगळले. विभावरींना सांगितले नाही.

मी नकाशाप्रमाणे उडालो. वर्तुळ नकाशात नव्हतेच, म्हणून पडद्यावर काम पूर्ण झाल्याचे दिसले. "खलास?" बोटीच्या कप्तानाने विचारले. "खलास," डॉमनिक म्हणाले. विभावरींनी पडद्याकडे पाहून मान डोलावली.

त्यानंतर रोज सूर्य उगवण्यापूर्वी मला वर पाठवत. पहिल्या दिवशी बेटभर पांढरे ठिपके पळत होते. मग ते हळू चालू लागले. मग एका जागी बसले. मित्रांनो, ठिपका एकदम विझत नाही. तो आधी राखाडी होतो, मग आजूबाजूच्या मातीचा रंग घेतो, आणि मग तिथे काही होते हे फक्त मलाच ठाऊक असते. खाली आवाज नव्हता. वाराही नव्हता.

एका पहाटे सगळे बेट काळे दिसले. फक्त मध्यभागी एक मोठा पांढरा ठिपका होता, आणि त्याच्याभोवती लहान ठिपक्यांचे कडे. उरलेले सगळे तिथे जमले होते. ते पळत नव्हते. मीनखाईकडे तोंड करून बसले होते, आणि ती उठण्याची वाट पाहत होते.

"हा गोल कसला?" विभावरींनी विचारले.

डॉमनिकनी नकाशा उघडून त्यांच्यापुढे धरला.

"तुम्ही नकाशातून काढलात?"

"घरटं आहे, मॅडम. तिची अंडी..."

"मला सांगायचंत! सुरुवातीलाच तिथे हाताने गोळ्या टाकल्या असत्या. तेव्हा हे असे कडं करून बसले नव्हते."

"पिल्लं उडेपर्यंत थांबू या. इन्शाल्ला, तोवर..."

"तोवर मे उजाडेल, सुरय येतील. आणि यांनाही पिल्लं होतील. मग इतके दिवस जे मारले, ते कशासाठी मारले हो आपण?" हात पुढे करून त्या म्हणाल्या, "तुमच्याच्याने होणार नसेल तर रिमोट माझ्याकडे द्या."

"नको," डॉमनिक म्हणाले. "वर्तुळ मी सोडलं. मीच भरतो."

मी वर्तुळावर आलो. मीनखाईने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिले. अगदी शेवटपर्यंत ती बसून राहिली. मग उठली. घरट्यात दोन फिकट, उबदार गोल दिसले. मी गोळ्या सोडल्या. त्या गारांसारख्या पडल्या आणि कडे क्षणभर थिजले. मग ते फुटले. बरेच ठिपके गोळ्यांकडे गेले. दोन मात्र काटक्यांवर चढले.

मला नजर वळवता येत नाही. डॉमनिकना वळवता आली असती. त्यांनी वळवली नाही.

मीनखाई परत आली आणि रिकाम्या घरट्यावर बसली. पुढचे काही दिवस ती तशीच बसून होती. तिच्याभोवतीचे ठिपके एकेक करून मातीच्या रंगाचे झाले, आणि मधला मोठा ठिपका जिथे काहीच नव्हते तिथे ऊब देत राहिला. मग एका पहाटे ती उडून गेली आणि तोही दिसला नाही.

मे महिन्यात सुरय आले. संपूर्ण बेट पांढरे झाले. पिल्लांचा कलकलाट बोटीपर्यंत येत होता. कप्तानाने टाळ्या वाजवल्या. कार्यालयात माझा फोटो लागला.

"जिंकलो ना, मॅडम?" डॉमनिकनी विचारले.

"हो."

"मग तुम्ही हसत का नाही?"

"तुम्ही आधी हसा," विभावरी म्हणाल्या.

त्यानंतर डॉमनिकनी मला उडवले नाही. खजुरांसाठी त्यांना नवा ड्रोन मिळाला आहे. त्याचे पंखे ते साफ करतात, पण त्याला मुलगा म्हणत नाहीत.

मित्रांनो, विष टाकणे बरोबर होते का, असे तुम्ही विचाराल. सुरयांची पिल्ले मी पाहिली. ती दोन अंडीही पाहिली. याचे उत्तर मला देता येत नाही. पण पहिला उंदीर त्या बेटावर पोहत गेला नव्हता. कोणाच्या तरी खाण्याच्या खोक्यात बसून गेला होता, आणि ते खोके कोणी उघडून पाहिले नव्हते. तुम्ही बोटीने कुठल्याही बेटावर सहलीला जाल, तेव्हा खोकी धक्क्यावरच उघडा. पिशव्या झटका. चटयांच्या घड्या मोडून बघा. तेवढी दोन मिनिटांची काळजी पुरते. तिथे कंटाळा केला, की पुढे कोणाला तरी वर्तुळ आखावे लागते.

त्या हिरव्या गोळ्यांची एक गोणी उरली होती. ती माझ्याच शेजारी ठेवली आहे. तिचे तोंड अजून शिवलेले आहे. ते तसेच राहू द्या.